मिलवाल्यांचा अर्धा तास

— नाही गं, रडत नाहीये मी, हसतेय! माझं असंच आहे, फार हसू आलं की आधी डोळे गळतात, मग आवाज जातो — बस ना तू, उभी का झालीस? हे बाक ऑडिशनवाल्यांचंच आहे, मी आपली साहेबांच्या केबिनमधून निघाले ती इथेच टेकले. नाव काय तुझं? — थांब, बोलू नकोस, घसा सांभाळ, तो कागदच दाखव. प्राची. राऊहून आलीस, इंदौरला लागूनच की, मिस्टर कॉलेजात शिकवतात, माहेर सांगली — हां, तरीच! आत्ता ‘काय झालं हो’ म्हणालीस ना, तो ‘झ’ किती स्वच्छ होता! आमची इंदौरी मराठी म्हणजे एकदम खिचडी, त्यात हिंदी किती नि मराठी किती ते आमचं आम्हालाच कळत नाही. मी जया खंडारे. एकोणीस वर्षं इथे रेडिओवर उद्घोषिका आहे, म्हणजे अनाउन्सर गं. बाबा महूला पलटणीत होते, बराकीत एकच रेडिओ, आणि बाबा म्हणायचे, ह्या पेटीतल्या बाईला कुणी जात विचारत नाही बघ, नुसता आवाज ऐकतात. तेव्हाच ठरवलं मी, आपण त्या पेटीत जायचं. मतलब — गेलेच! तुझ्या आधी अजून चार जणी आहेत, तोवर ऐक. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला उठताच येणार नाहीये.

तर आमचा एक कार्यक्रम आहे. दर मंगळवारी संध्याकाळी साडेपाच ते सहा. नाव कागदावर काहीतरी लांबलचक आहे, पण सगळं शहर त्याला ‘मिलवालों का आधा घंटा’ म्हणतं. हिंदीतून असतो, मधेच मालवी, आणि कुणा काकूंचं मराठीत पत्र आलं तर मराठीतही वाचते मी, कोण अडवतंय? पूर्वी त्यात काय असायचं — कुणाची मुलगी दहावीला पहिली आली, कुणाची भजनमंडळी आली, डिपार्टमेंट-डिपार्टमेंटच्या कबड्डीत कोण जिंकलं. मग कापडाच्या मिली बंद पडायला लागल्या. एक, मग दुसरी, मग आमच्या ह्यांची. आम्हाला वाटलं, आता पत्रं थांबतील. थांबतायत कसली — दुप्पट झाली! का सांगू? माणसं पांगली ना. वीस-वीस वर्षं शेजारी शेजारी मशीन चालवलेली माणसं, कोण कुठे गेलं कुणाला पत्ता नाही. मग लिहायचे, ‘दीदी, स्पिनिंग के हमारे पांडुरंग भिया कहाँ हैं, ज़रा पता लगाओ।’ मी वाचायची. आणि पुढच्या मंगळवारी पांडुरंग भियांचं कार्ड गौतमपुऱ्याहून — ‘मैं यहाँ हूँ, ससुराल में लहसुन बो रहा हूँ, चौधरी से कहना मेरी छतरी उसी के पास है।’ एवढंच! पण हे वाचताना मला काय व्हायचं ते तुला नाही कळणार. कळेल कदाचित. कळेल, कळेल.

आता आमचे साहेब. बोरगावकर साहेब, स्टेशन डायरेक्टर, माणूस वाईट नाही. गेल्या वर्षी वरून पत्र आलं त्यांना, की सरकार आता सगळा खर्च देणार नाही, जमाना बदलला, देशात बाजार खुला झाला, तर रेडिओनेही कमवावं. लोकहितही करा आणि कमाईही करा. साहेबांनी दोन फायली केल्या, एकीवर लोकहित, दुसरीवर महसूल, आणि म्हणायला लागले, ‘जयाबाई, दोन बायकांचा दादला झालोय मी. एकीला साडी घेतली की दुसरी रुसते.’ मी म्हटलं, साहेब, मग आमचा कार्यक्रम कुठल्या बायकोचा? तर साहेब फायली चाळायला लागले! कारण आमचा कार्यक्रम एक छदाम आणत नव्हता. साहेब म्हणाले, दिवाळीपर्यंत प्रायोजक बघा, नाहीतर त्या वेळेत फर्माइशी गाणी लावू, गाण्यांना दहा गिऱ्हाइकं उभी आहेत. मग आमच्या शुभदाबाई — कार्यक्रम त्या बसवतात, काचेपलीकडे त्या नि अलीकडे मी — चपला झिजवत बाजारात फिरल्या. कापडवाला म्हणाला, ज्यांच्या मिली बंद त्यांना मी काय विकू? साबणवाला म्हणाला, चहा घ्या. आणि एक दिवस आपणहून कोण आलं? गोपीनाथजी, परदेशीपुऱ्याचे, म्हणजे मिलवाल्यांच्याच वस्तीतले, तुर्रेदार जीरावनवाले! जीरावन माहीत आहे ना? पोह्यांवर भुरभुरतात ते, तपकिरी मसाला — सांगलीत नाही मिळत? मग तुम्ही पोहे कोरडेच खाता? अरे देवा. तर गोपीनाथजी म्हणाले, ‘मिल बंद हो गई तो क्या, मिलवाला पोहे तो खाएगा!’ झालं. प्रायोजक मिळाला.

आता घरचं सांगावं लागेल. नाहीतर पुढचं कळायचं नाही. सांगू? — सांगते. आमचे हे, वाल्मिक — घेते मी नाव, रेडिओत सगळ्यांचीच नावं घ्यायची सवय लागते — वीविंगमध्ये लाइन जॉबर होते. म्हणजे पन्नास माग ह्यांच्या हाताखाली, एका मागाचा आवाज बदलला तर शंभर पावलांवरून ओळखायचे. मिल बंद झाली. महिनाभर घरात बसले, भिंतीकडे बघत. मग एक दिवस म्हणाले, मला मिलमध्येच ठेवून घेतलंय, मशीनींची देखभाल करायला. मी पेढे वाटले! परत पूर्वीसारखं, सकाळी सातला डबा, सायकल, संध्याकाळी साडेसहाला घरी. पण काहीतरी निराळंच होतं. डोळे लाल. शिंका — एकदा सुरू झाल्या की बारा-पंधरा! मी काढा दिला, गरम पाण्याची वाफ दिली, डॉक्टरकडे चला म्हटलं, तर म्हणे रुईची ॲलर्जी. बावीस वर्षं रुईत काढली तेव्हा नव्हती, आणि बंद मिलमध्ये झाली? आणि शर्टाला वास. तेलाचा नाही, मशीनचा नाही — मसाल्याचा! जिरं, बडीशेप, लवंग, मधेच हिंग. आता तूच सांग, बायकोने काय समजायचं? — अगदी तेच समजले मी! म्हटलं, कुणीतरी आहे. कुणीतरी ह्यांना रोज चमचमीत करून खिलवतेय. मी मनात तिचं नाव पण ठेवलं, मसालेवाली. तिच्याशी भांडायची मी, पोळ्या लाटताना, टेम्पोत बसल्यावर. एकदा तर मागे गेले ह्यांच्या, टेम्पो करून, पदर डोक्यावरून घेऊन, परदेशीपुऱ्याच्या चौराह्यापर्यंत — हे सायकल वळवून एका गल्लीत गेले आणि माझा टेम्पो भाजीच्या हातगाडीमागे अडकला. उतरून रस्त्यातच रडले बघ. हे मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं. तुला का सांगतेय? बोलू नकोस, बोलू नकोस.

मग तो मंगळवार. गोपीनाथजींची पहिली जाहिरात. आधी एका अधिकाऱ्यांचं भाषण होतं, रेकॉर्ड केलेलं, विषय काय — ‘ख़ाली समय का सदुपयोग’! ज्यांची कामं गेली त्यांना! बागकाम करा म्हणे, डाक टिकटं जमवा. माझे ओठ तिथेच थरथरायला लागले होते. भाषण संपलं, आता जाहिरातीची टेप लागायची, तर टेप अडकली. शुभदाबाईंनी काचेतून कागद दाखवला, वाच, तूच वाच. लाइव्ह! मी सुरू केलं, एकदम गोड आवाजात, ‘क्या आपकी सुबह फीकी है?’ — हे गोपीनाथजींनी स्वतः लिहिलेलं — ‘लाए हैं तुर्रेदार जीरावन! जीरा, सौंफ, लौंग, हींग —’ आणि माझ्या नाकात ह्यांचा शर्ट आला. असा समोर आला, दांडीवरचा! मी पुढे वाचतेय, ‘अमचूर, काला नमक, और तीखी लाल मिर्च’ — लाल डोळे! शिंका! — ‘हाथ से कुटा, प्रेम से कुटा, परदेशीपुरा में कुटा’ — आणि संपलं. कळलं मला. मसालेवाली नव्हतीच गं! हेच होते मसालेवाली! पन्नास मागांचा जॉबर बसून मिरच्या कुटत होता आणि मला सांगत होता रुईची ॲलर्जी! मला हसू फुटलं. आधी नाकातून, मग घशातून, मग खुर्चीसकट. शुभदाबाई काचेपलीकडे हात जोडतायत, मी तोंडावर कागद धरलाय, कागदातून हसू बाहेर — सव्वा मिनिट! सव्वा मिनिट सगळ्या माळव्याने माझं हसू ऐकलं. शेवटी कशीबशी म्हणाले, ‘तुर्रेदार जीरावन,’ आणि परत हसले.

घरी गेले. हे आले, हात धुतले, म्हणाले, ‘आज बरीच हसलीस रेडिओवर.’ मी म्हटलं, ‘घशात काहीतरी गेलं.’ बस्स, एवढंच. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. माणसाला एखादी गोष्ट झाकून ठेवायची असली तर ठेवू द्यावी ना? मी फक्त जुनं लुगडं फाडून चार मोठे रुमाल शिवले, नाकाला बांधता येतील असे, आणि डब्याच्या पिशवीत घातले. ह्यांनी बघितले. घेऊन गेले.

इकडे ऑफिसात? बुधवारी सकाळी मेमो — ‘प्रसारणात हसण्याचे लेखी स्पष्टीकरण द्यावे.’ आता काय लिहू? नवऱ्याचं गुपित सरकारी फायलीत घालू? लिहिलं, ‘घशातील तांत्रिक बिघाड.’ खरंच लिहिलं! आणि शुक्रवारी गोपीनाथजी धावत आले, हातात मिठाई — दुकानादुकानांत लोक मागतायत, वो हँसीवाला जीरावन देना! साहेबांनी मेमो परत घेतला, दुसरा कागद दिला. काय होतं त्यात माहीत आहे? दर मंगळवारी पाच वाजून बेचाळीस मिनिटांनी हसायचं. अर्धं मिनिट. हस बघू तू! असं मागून येतं का? शुभदाबाई काचेतून वाकुल्या दाखवायच्या, गोपीनाथजी येऊन चुटके सांगायचे, तेही त्यांचेच लिहिलेले, आणि मी आपली हे-हे-हे, बकरीसारखी. शेवटी जुन्या हसण्याची टेप लावायला लागले. पण ते मजेचं होतं तोपर्यंत ठीक. मग जाहिराती वाढल्या. पापडवाले आले, अगरबत्तीवाले आले, आणि साहेब मोहरले, महसुलाची फाइल अशी फुगली! पण मिनिटं तर तीसच ना? पत्रं कापायला लागली. आधी पाच, मग तीन. एका मंगळवारी फक्त एक पत्र वाचलं मी, तेही अर्धं. पोत्यात शंभर पडलेली. मी साहेबांना म्हटलं, साहेब, हा मिलवाल्यांचा अर्धा तास आहे, आता त्यांची दहा मिनिटं पण उरली नाहीत. साहेब म्हणाले, ‘जयाबाई, त्या जाहिरातींमुळेच ती दहा तरी आहेत.’ आणि खरं होतं गं ते! हेच तर वाईट आहे, खरं होतं.

मग गोपीनाथजींना नवी हौस आली. कारखान्यातूनच थेट प्रसारण! टेलिफोनची लाइन टाकून, दहा मिनिटं सलग, सगळी त्यांनी विकत घेतलेली. मी माइक घेऊन फिरायचं आणि विचारायचं, तुर्रेदार इतकं चविष्ट कसं, आणि आमचे ‘ख़ानदानी कारीगर’ सांगणार. पिढ्यान् पिढ्या जीरावन कुटणारे म्हणे! आता आली ना पंचाईत? कालचा मंगळवार. सकाळी मी ह्यांना म्हटलं, ‘तब्येत बरी दिसत नाही, आज राहा ना घरी.’ सुटायला रस्ता दिला मी. हे चपला घालता घालता थांबले, माझ्याकडे बघितलं, म्हणाले, ‘नाही, आज जायलाच हवं.’

गेले मी. टिनाचं छप्पर, मोठे मोठे खलबत्ते, हवेतच मिरची, आमचे इंजिनियर तर आत येताक्षणीच बाहेर पळाले. आणि ओळीत अकरा माणसं उभी, नाकाला रुमाल. पहिल्याच रुमालाला माझ्या लुगड्याची किनार. गोपीनाथजींना काय माहीत ते कोण! खूण झाली, मी माइक धरला, म्हटलं, ‘आपका शुभ नाम?’ ह्यांनी रुमाल खाली केला. ‘वाल्मिक खंडारे। वीविंग खाता, बाईस साल, लाइन जॉबर।’ मागून गोपीनाथजी हळूच, ‘कारीगर बोलो, कारीगर!’ मी विचारलं, ‘और यहाँ?’ म्हणाले, ‘यहाँ आठ महीने से मिर्ची कूटता हूँ। घर पे बताया नहीं था।’ आता पुढचा प्रश्न कागदावर जिऱ्याचा होता. मी कागद घडी करून ब्लाउजमध्ये खोचला आणि विचारलं, ‘क्यों नहीं बताया?’ हे म्हणाले, ‘घरवाली की आवाज़ पूरा शहर सुनता है। मुझे लगा, उसको शर्म आएगी।’ मी एकोणीस वर्षांत कधी स्वतःबद्दल एक शब्द बोलले नव्हते हवेवर. काल बोलले. म्हटलं, ‘श्रोताओ, घरवाली को कोई शर्म नहीं है। घरवाली तो कुछ और ही समझ बैठी थी।’ आणि हे — हे हसले गं! हसता हसता शिंकले, एक, दोन, सात, आणि माझं जे सुटलं, परत तेच, पोट धरून, माइकसकट! आणि मग दुसरा माणूस पुढे आला, न विचारता, ‘दौलतराव, स्पिनिंग, अठारह साल।’ तिसरा, ‘फोल्डिंग, चौदह साल।’ रांगेने अकराच्या अकरा! एकही ख़ानदानी कारीगर नाही, सगळे मिलवाले! एकजण म्हणाला, ‘दीदी, मेरे साँचेवाले रफ़ीक भिया सुन रहे हों तो बोलना, मैं यहाँ हूँ।’ साँचा म्हणजे माग गं. मी म्हटलं, तुम्हीच बोला ना, आणि माइक दिला. गोपीनाथजी नाचतायत, ‘जीरावन बोलो, जीरावन!’ तर दौलतराव म्हणाले, ‘जीरावन बढ़िया है। हमने कूटा है।’ शुभदाबाईंना स्टेशनवर साहेबांचा फोन, लाइन तोडा. आणि त्या बाई, कधी कुणाला उलट न बोलणाऱ्या, काय म्हणाल्या? — ‘साहेब, ही वेळ प्रायोजकाने विकत घेतलेली आहे, मला नियमाप्रमाणे तोडता येत नाही.’ दहा मिनिटं! पूर्ण! साडेपाच ते सहामधली सगळ्यात भारी दहा मिनिटं जाहिरातीत झाली!

आज बोलावलं साहेबांनी. मी राजीनामा लिहूनच आणला होता, हा बघ. आत गोपीनाथजी बसलेले, रात्रभर जागल्यासारख्या सुजलेल्या चेहऱ्याने. म्हटलं, गेलो आपण. तर काल संध्याकाळीच त्यांचा सगळा माल उठला होता! परदेशीपुऱ्याच्या बायका पिशव्या घेऊन दारात, आमच्या माणसांनी कुटलेलं द्या म्हणून. ख़ानदानी-बिनदानी आता छापणार नाहीत म्हणे. आणि साहेबांनी दोन्ही फायली एकावर एक ठेवल्या आणि सांगितलं, पहिलं मिनिट आणि शेवटचं मिनिट जाहिरातीचं, मधली अठ्ठावीस पत्रांची, कुणी हात लावायचा नाही. एक वर्षभर. पुढच्या वर्षाचं मला विचारू नका, म्हणाले, वरून काय पत्र येईल मलाच ठाऊक नाही. मी म्हटलं, एक वर्ष पुष्कळ झालं साहेब, पोतं रिकामं होईल. फक्त एक — मी आता जाहिरात वाचायची नाही. कधीच नाही. ‘तुमच्यावर भरवसा नाही जयाबाई,’ असं म्हणाले आणि स्वतःच खो-खो हसले. तर त्या दोन मिनिटांसाठी नवा आवाज हवाय. हो गं, ही ऑडिशन आधी नुसत्या नव्या आवाजांसाठी होती, आत्ता आत ठरलं की त्यातूनच निवडायचं! अशी गोरीमोरी नको होऊस! वाईट काम नाहीये ते. ती दोन मिनिटं मन लावून वाच, कारण तुझ्या दोन मिनिटांवर माझी अठ्ठावीस उभी आहेत. आणि ‘हींग’ नीट म्हण, गोपीनाथजी कानात तेल घालून ऐकतात.

घरी काय झालं काल? काय व्हायचं, मी पोचले तेव्हा हे आधीच आले होते. चहा ठेवला होता ह्यांनी, जन्मात पहिल्यांदा, साखर विसरून. मी बसले. हे समोर बसले. बिनसाखरेचा चहा दोघांनी संपवला, आणि मग हे म्हणाले —

नाही. ते नाही सांगणार. ते प्रसारणासाठी नाही. उठ, तुझं नाव पुकारतायत. जा, जा!